आधी उसवलं, मग विकत घेतलं

कामगारांना न पिळता बनलेले, निसर्गावर कमी भार टाकणारे कपडेच वापरायचे असं एकदा मनाने घेतलं की पहिला मोह होतो तो कपाट रिकामं करायचा. पॉलिस्टर सगळं बाहेर, सेंद्रिय कापूस आत. मीही ढीग लावायला घेतला होता. पण बाहेर काढलेल्या कपड्यांचं पुढे नेमकं काय होतं ते वाचत गेलो आणि ढीग परत कप्प्यात गेला.

घानामध्ये अक्रा शहरात कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा अफाट बाजार आहे. श्रीमंत देशांत लोकांनी 'दान' केलेले कपडे गठ्ठे बांधून तिथे येतात. विक्रेते गठ्ठा न उघडताच विकत घेतात. आत काय निघेल ते ज्याचं त्याचं नशीब. चांगलं निघालं तर धुऊन, शिवून, रंगवून विकतात. विकायच्या लायकीचं नसेल ते गटारात जातं, तिथून समुद्रात. चिलीच्या अटाकामा वाळवंटात इकीके बंदराजवळ न खपलेल्या कपड्यांचे डोंगर पडलेत, त्यातल्या कित्येकांची किमतीची चिठ्ठीसुद्धा निघालेली नाही. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ सालच्या अहवालात म्हटलं होतं की आधीच्या पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं, आणि कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी मालाचा पुन्हा कपडा होतो. म्हणजे 'रिसायकलला दिला' असं म्हणून हात झटकायची सोय नाही.

माझ्याकडचा पॉलिस्टरचा शर्ट बनताना जे तेल खर्च व्हायचं ते झालेलं आहे. तो टाकून सेंद्रिय सुती घेतला तर पहिल्याचं पाप फिटत नाही, दुसऱ्याचं वर चढतं. म्हणून ठरवलं, खरेदीची पाळी सगळ्यात शेवटी.

आधी आहे ते बघितलं. त्याला काही मोठी युक्ती लागत नाही. धुतलेला कपडा कायम दांडीच्या उजव्या टोकाला अडकवायचा, एवढाच नियम. एक-दोन ऋतू गेले की न घातलेले कपडे आपोआप डावीकडे साचतात. डावीकडे साचलेल्यांत बरेचसे असे होते की कपडा उत्तम पण बाही लांब, कंबर ढिली, गळा टोचतो. ते शिंप्याकडे गेले. काही ओळखीत ज्याला खरंच हवे होते त्याला दिले. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखं निघालं ते दुसऱ्या ढिगातून, वापरून जीर्ण झालेल्या कपड्यांच्या. प्रत्येक कपडा खिडकीसमोर उजेडात धरला आणि कुठे गेलाय ते वहीत लिहिलं. शर्ट: कॉलरची घडी. शर्ट: काखेतली शिवण. पँट: मांड्यांमध्ये विरलेली. पँट: चेन. पुन्हा कॉलर. स्वेटर: कोपर. पुन्हा मांड्या. यादी जसजशी वाढली तसतसं दिसायला लागलं की कपडा क्वचितच सगळा फाटतो. एक जागा जाते आणि तिच्यापायी उरलेला धडधाकट कपडा बाद होतो. कॉलर विरलेल्या शर्टाची पाठ, बाह्या, पुढचे पदर, सगळं शाबूत होतं.

या कॉलरींपासूनच सुरुवात केली. पूर्वीचे शिंपी विरलेली कॉलर उलटवून द्यायचे, हे ऐकून होतो. माझा शिंपी म्हणाला, "आता कोणी करून मागत नाही. वेळ फार जातो. तुम्हाला शिकायचं असेल तर या दुपारी." गेलो. काम असं असतं: कॉलर ही दोन पदरी पट्टीत खोचून शिवलेली असते. त्या पट्टीची वरची शिवण दर तिसऱ्या-चौथ्या टाक्याला कापायची आणि दोरा ओढायचा, म्हणजे कापडाला धक्का न लागता ती उघडते. कॉलर बाहेर येते. आत वर्षानुवर्षांचं सूत साचलेलं असतं, ते ब्रशने झाडायचं. घडीवर जिथे कापड विरून आतलं ताठ बकरम दिसतंय तिथे पातळ कापडाची चिंधी ठेवून मशीनने मागेपुढे शिवायचं. ते सुंदर दिसायची गरज नाही, कारण आता ती बाजू खाली जाणार. मग कॉलरचा आणि पट्टीचा मध्य टाचणीने जुळवायचा, कॉलर उलटी करून परत खोचायची आणि सुईच्या जुन्या भोकांवरूनच टीप मारायची. मध्य जुळला नाही तर एक टोक लांब दिसतं, आणि गळ्याशी असल्यामुळे ते सगळ्यांना दिसतं.

वर आलेली बाजू इतकी वर्षं अंधारात होती, तेव्हा तिचा रंग शर्टापेक्षा गडद असतो. निळ्या शर्टावर हे चांगलंच जाणवतं. मला आवडतं. ज्यांच्या कॉलरीत टोकं ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांसाठी खाचा असतात त्या मात्र उलटवल्यावर खाचा वर येतात. तिथे हा उपाय जमत नाही.

पँटचं गणित वेगळं. मांड्यांमधलं कापड चालून चालून घासतं आणि भोक पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. भोक पडायच्या आधी, उजेडात धरल्यावर ती जागा जाळीसारखी दिसायला लागली की तेव्हाच आतून ठिगळ लावायचं. विरलेल्या भागापेक्षा चारी बाजूंनी मोठं, आणि कोपरे गोल कापलेलं, कारण चौकोनी कोपऱ्यावर ताण येऊन तिथेच नवी चीर पडते. वरून धाग्याच्या दिशेने धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी. दोरा पँटच्या रंगाचा असेल तर दिसतही नाही. स्वेटरच्या कोपराला रफू: आधी उभे धागे ताणून घ्यायचे, मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून. खेचला की चोळामोळा, ढिला सोडला की लोंबतं. हे हाताला कळायला थोडा वेळ लागतो.

चेनबद्दल एक गोष्ट कोणीतरी आधीच सांगायला हवी होती. चेनचे दात सहसा धड असतात, सैल होतो तो सरकणारा तुकडा. नुसता तो बदलून मिळतो. चेन मिटत नाही म्हणून जगात किती जॅकेटं, किती बॅगा टाकल्या जात असतील कोण जाणे.

आणि मग जे दुरुस्त झालंच नाही, तेही वहीत गेलं. अंगाबरोबर ताणणाऱ्या जीन्समधलं इलॅस्टेन तुटलं की गुडघ्यांवर पोंगे येतात, कापडातून पांढरे केसासारखे धागे बाहेर डोकावतात, आणि त्यावर काही इलाज नाही. शिवाय कापसात मिसळलेलं हे रबरी सूत वेगळं काढणं अवघड, त्यामुळे त्या कापडाचं पुनर्चक्रीकरणही अडतं. अतिपातळ टी-शर्टना पोटापाशी बारीक भोकं पडतात; रफू करायला गेलं तर शेजारची वीण उसवते. काही कपड्यांची खालची दुमड शिवलेली नसतेच, चिकटवलेली असते. आपण चांगलं काय ते ठरवायला बसतो तेव्हा जाहिरातींपेक्षा ही बाद झालेल्यांची यादी कितीतरी उपयोगी पडते.

धुण्याकडे वळलो ते याच यादीमुळे. बरेच कपडे अंगावर कमी आणि मशीनमध्ये जास्त झिजले होते. आता शर्ट उलटा करून धुतो, थंड पाण्यात, छोट्या आवर्तनावर, आणि मशीन नीट भरल्याशिवाय लावत नाही. पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिकच्या कपड्यांतून प्रत्येक धुण्यात प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू सुटून पाण्याबरोबर जातात. गरम पाणी, लांब आवर्तन आणि अर्धवट भरलेली मशीन यांनी ते वाढतात. नवा कपडा पहिल्या काही धुण्यांत सर्वांत जास्त तंतू सोडतो. असलेला पॉलिस्टर शर्ट वापरत राहण्यामागे माझ्यापुरतं हेही एक कारण आहे. सुरुवातीचा मोठा कचरा तो बहुधा टाकून बसलाय. लोकरीचं तर धुणंच कमी केलं. रात्रभर वाऱ्यावर टांगली की वास जातो. पॉलिस्टरचं तसं होत नाही, अंगाचं तेल त्याला धरून बसतं.

कापड ओळखण्याचा नाद लागला तो जुन्या, लेबल गळून पडलेल्या कपड्यांमुळे. आतल्या शिवणीतून एक धागा काढायचा, चिमट्यात धरायचा आणि मोरीत, पाणी जवळ ठेवून, त्याला ज्योत लावायची. सुती धागा भुर्रकन पेटतो, कागद जळल्याचा वास येतो, मऊ करडी राख उरते. लोकर कुरकुरत जळते, केस जळल्याचा वास, आणि ज्योत काढली की विझते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला टणक मणी तयार होतो. 'शंभर टक्के सुती' म्हणून मिरवणाऱ्या एका चादरीच्या धाग्याने मला असा मणी दाखवला आहे. व्हिस्कोस मात्र कापसासारखंच जळतं, त्यामुळे ही परीक्षा तिथे हरते.

व्हिस्कोसचा विषय निघालाच आहे तर. झाडापासून बनतं म्हणून ते 'नैसर्गिक' या नावाखाली विकलं जातं, बांबूचं कापडही बहुतेक वेळा हेच असतं. लगदा विरघळवायला कार्बन डायसल्फाइड वापरतात आणि कारखान्यातल्या माणसांच्या मज्जासंस्थेवर त्याचे गंभीर परिणाम होतात. लायोसेल हेसुद्धा लगद्यापासूनच, पण त्यात दुसरं द्रावक असतं आणि ते जवळजवळ सगळं परत मिळवून पुन्हा वापरतात. हातात घेतलं तर दोन्ही मऊ, दोन्ही सुळसुळीत. फरक फक्त लेबलवर.

म्हणून लेबल वाचायचं, पण ते काय सांगत नाही हेही माहीत हवं. 'अमुक देशात बनवलेलं' याचा अर्थ शेवटची शिलाई तिथे झाली इतकाच. कापूस एका देशात पिकलेला, सूत दुसऱ्यात कातलेलं, कापड तिसऱ्यात विणून रंगवलेलं असू शकतं. प्रमाणपत्रांचंही तसंच. ओको-टेक्सचं 'स्टँडर्ड १००' सांगतं की या कपड्यात अंगाला घातक रसायनं ठरलेल्या मर्यादेच्या आत आहेत. शिवणाऱ्या बाईला किती पगार मिळाला याच्याशी त्याचा संबंध नाही. 'गॉट्स' हे सेंद्रिय कापडाचं प्रमाणपत्र जास्त खोलात जातं: 'सेंद्रिय' म्हणवायला किमान ९५ टक्के आणि 'सेंद्रिय तंतूंपासून बनवलेलं' म्हणवायला किमान ७० टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात, रंगांवर बंधनं असतात, आणि कामाच्या ठिकाणच्या अटीही असतात. 'पर्यावरणस्नेही', 'जाणीवपूर्वक', 'हिरवा संग्रह' असल्या शब्दांमागे मात्र सहसा कुठलीच तपासणी नसते. पानाचं चित्र काढायला प्रमाणपत्र लागत नाही.

कापसाबद्दलही माझं मत पहिल्यासारखं भाबडं राहिलं नाही. १९६०च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी मध्य आशियातल्या कापसाच्या शेतांकडे वळवलं आणि अरल समुद्र बराचसा आटून गेला. पावसावर वाढलेला कापूस आणि कालव्याच्या पाण्यावर वाळवंटात वाढवलेला कापूस हे एकाच लेबलखाली, एकाच शब्दात येतात.

हे सगळं झालं निसर्गाचं. माणसांचं वेगळं, आणि ते जास्त अवघड. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावार इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली, ११३४ माणसं मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. त्यानंतर कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कारखान्यांच्या सुरक्षेचा करार झाला. तो कायद्याने बांधणारा होता, नुसती सदिच्छा नव्हती. आज त्याचं नाव 'इंटरनॅशनल अकॉर्ड' आहे आणि कोणत्या कंपन्यांनी सही केली, कोणत्या कारखान्यात काय त्रुटी निघाल्या, हे कोणालाही बघता येतं. 'ओपन सप्लाय हब' या खुल्या नकाशावर कारखान्याचं नाव टाकून तिथे कोणकोणत्या कंपन्यांचा माल होतो तेही बरेचदा कळतं. मी त्यावर महाग आणि स्वस्त अशा दोन्ही तऱ्हेच्या नावांचा माल एकाच कारखान्यातून निघताना पाहिला. 'महाग म्हणजे नीतीचं' हा समज तिथे संपला.

इमारत पक्की झाली तरी पगाराचा प्रश्न राहतोच. मी कंपन्यांना पत्रं लिहायला लागलो. कारखान्यांची यादी जाहीर आहे का, शिवणाऱ्यांना किमान वेतनापेक्षा जास्त मिळतं का, आणि उसवलं तर दुरुस्त करून देता का, एवढंच. काहींचं उत्तर आलं नाही. काहींनी शुभेच्छांसह जाहिरातपत्र पाठवलं. सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य होतं, 'आमचे सर्व पुरवठादार स्थानिक कायद्यांचे पालन करतात.' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. बांगलादेशात डिसेंबर २०२३ पासून कपडा कामगारांचं किमान वेतन महिना १२,५०० टका झालं. कामगार संघटनांची मागणी २३,००० टक्यांची होती. कायदा पाळणं आणि माणसाचं भागणं यांत किती अंतर असू शकतं ते या दोन आकड्यांत दिसतं. एका छोट्या उत्पादकाने मात्र कारखान्याचं नाव, शिवणाऱ्यांचा पगार आणि तो कसा ठरवला हे सगळं साध्या भाषेत लिहून पाठवलं, आणि 'रंगाईचं काम बाहेर होतं, तिथलं आम्हाला पूर्ण माहीत नाही' हेही लिहिलं. चकचकीत अहवालापेक्षा मला त्या वाक्याने जास्त भरवसा दिला.

निसर्ग आणि माणूस या दोन कसोट्या नेहमी एका बाजूने निकाल देत नाहीत, हेही याच काळात लक्षात आलं. सेंद्रिय कापूस, पण शिवणाऱ्यांबद्दल चकार शब्द नाही. पगार चोख, पण कापड पॉलिस्टर. दोन्हींत उत्तीर्ण होणारा कपडा सापडतो, पण क्वचित. मी माझ्यापुरता एक क्रम लावलाय: आहे ते वापरायचं, मग जुनं घ्यायचं, मग शिवून घ्यायचं, आणि नवं तयार घ्यायचंच तर माणसांबद्दल उत्तर देणाऱ्याकडून. लोकांना हा क्रम पटत नाही. विशेषतः जुनं घेणं. त्यावर वाद घालण्यात मला रस उरलेला नाही.

जुनं घेताना टेप बरोबर असते. आकाराच्या अक्षरांवर विसंबायचं नाही. घरातला अंगाला नीट बसणारा शर्ट सपाट पसरून खांदा, छाती, बाहीची मापं घेऊन ठेवायची आणि समोरच्या कपड्याची तशीच घ्यायची. मग काखा, मांड्या, कॉलर उजेडात. टी-शर्ट असेल तर बाजूची शिवण बघायची. ती फिरून पोटावर येत असेल तर कापडालाच पीळ आहे आणि ते कधीच सरळ होणार नाही.

शिवून घेताना शिंप्याकडे एकच हट्ट असतो, आत माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, भरपूर सोडा. तयार कपड्यांत ती जेमतेम असते, कारण लाखो कपड्यांत बोटभर वाचलेल्या कापडाचे पैसे होतात. पण माया नसली तर कपडा नंतर सैल करता येत नाही, आणि अंग काही एका मापावर थांबत नाही. नवं तयार घेताना मी दुकानात कपडा आधी उलटा करतो. शिवणीची माया, टाक्यांची दाटी, काजाच्या कडा सुटल्यात का, जादा बटण आहे का. गुडघ्याच्या जागी कापड मुठीत आवळून सोडायचं आणि ते परत येतंय का पाहायचं. विक्रेते विचित्र नजरेने बघतात.

काही कप्पे अजून सुटलेले नाहीत. आतले कपडे जुने घेणं नको वाटतं आणि इलॅस्टिकशिवाय चालत नाही. व्यायामाच्या कपड्यांना कृत्रिम धाग्याला तोड नाही, तेव्हा आहेत तेच फाटेपर्यंत. पावसाळी जॅकेट हे सर्वांत त्रासदायक प्रकरण. पाणी झटकण्यासाठी त्यावर फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप द्यायची पद्धत होती, आणि ही रसायनं निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत. फ्रान्सने २०२६च्या सुरुवातीपासून कपड्यांत त्यांच्यावर बंदी घातली आहे, काही अपवाद सोडून. माझं जॅकेट त्याआधीचं. पाणी मुरायला लागल्यावर टाकून द्यायचं ठरवलं होतं, पण नीट धुऊन मंद उष्णतेत वाळवल्यावर लेप बराचसा पुन्हा काम करायला लागला. आता शिवणीवरची आतली पट्टी सुटते आहे. ती चिकटवून बघणार आहे, आणि ते नाहीच टिकलं तर नव्यासाठी त्या छोट्या उत्पादकाला पत्र टाकणार आहे. जॅकेट तो करत नाही हे माहीत आहे, पण कोण करतं ते त्याला ठाऊक असेल.